एका वाक्याचे भवितव्य : कारेल चौथा आणि चेक राष्ट्रीयता

बोहेमियाचा राजा आणि पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट कारेल चौथा (१३१६–१३७८) याला चेक लोक 'ओतेत्स व्लास्ती' म्हणतात. या दोन शब्दांचे मराठी भाषांतर करू लागले की लेखणीवर पहिल्याने येणारा शब्द 'राष्ट्रपिता' हा होय. तो चुकीचा आहे. 'राष्ट्रपिता' या शब्दाला जुळणारी 'ओतेत्स नारोदा' ही उपाधी चेक भाषेत स्वतंत्रपणे अस्तित्वात असून ती एकोणिसाव्या शतकातील इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की (१७९८–१८७६) याच्या वाट्याला आलेली आहे. 'नारोद' म्हणजे एक भाषा बोलणारे, एक स्मृती बाळगणारे लोक. 'व्लास्त' हा शब्द सत्ता आणि स्वामित्व या अर्थांच्या शब्दकुळातला. आज त्याचा अर्थ मायभूमी असा असला तरी जुन्या चेकमध्ये तो प्रदेश, सत्तेखालील मुलूख या अर्थाने येतो. आपल्याकडील 'वतन' हा शब्द त्याला पुष्कळच जवळचा आहे. पूर्वजांकडून चालत आलेले, ज्यावर हक्कही आहे आणि ज्याची सेवाही बांधलेली आहे, असे काहीतरी. कारेल हा अशा वतनाचा पिता. पालात्स्की हा लोकांचा पिता. दोन पित्यांमधील हा भेद चेक भाषेने जपून ठेवला. चेक राष्ट्रीय विचाराने मात्र तो पुनःपुन्हा पुसला. तो कसा पुसला गेला, आणि त्या पुसण्याला कारेलचे स्वतःचेच लेखन कितपत कारण झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उपाधी स्वतः जुनी आहे. सम्राटाचे निधन २९ नोव्हेंबर १३७८ रोजी झाले, आणि त्यानंतरच्या आपल्या भाषणात पंडित व्होयत्येख रान्यकुव्ह याने त्याला 'पितृभूमीचा पिता' या लॅटिन बिरुदाने गौरविले. हे बिरुद रोमन परंपरेतले. सिसेरोला आणि ऑगस्टसला ते मिळालेले होते. तेव्हा वक्त्याच्या मनात भाषिक राष्ट्राची कल्पना होती असे धरून चालण्याचे कारण नाही. एका सम्राटाला दुसऱ्या सम्राटांचे भूषण चढविणे हे त्या काळच्या वक्तृत्वशास्त्राला धरूनच होते. परंतु बिरुद बोलले गेले ते प्रागमध्ये, आणि 'पितृभूमी' हा शब्द तेथील श्रोत्यांच्या कानी साम्राज्य म्हणून पडला असेल असे वाटत नाही. ती होती बोहेमिया.

कारेलच्या चरित्रातील ठळक गोष्टी प्रथम ध्यानी घेतल्या पाहिजेत. १३०६ साली प्शेमिस्ल या देशी राजघराण्याचा पुरुषवंश संपला. त्या घराण्यातील एलिश्का हिचा विवाह लक्झेम्बर्ग घराण्यातील यान याच्याशी झाला, आणि १४ मे १३१६ रोजी जन्मलेल्या त्यांच्या पुत्राचे नाव व्हात्स्लाव्ह असे ठेवण्यात आले. हे आईच्या घराण्याचे नाव, दहाव्या शतकातील संतराजाचे नाव. १३२३ साली सात वर्षांच्या या मुलाला फ्रान्सच्या दरबारी धाडण्यात आले आणि तेथे त्याला कारेल हे नवे नाव मिळाले. आईचा आणि त्याचा पुन्हा सहवास घडला नाही; ती १३३० साली वारली. इटलीतील लढायांत दोन वर्षे काढून १३३३ च्या शरदात तो बोहेमियात परतला तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे १३४६ मध्ये क्रेसीच्या रणांगणावर आंधळा झालेला यान पडला. १३४७ मध्ये कारेलचा प्रागमध्ये राज्याभिषेक झाला, आणि १३५५ मध्ये रोमला सम्राटपदाचा मुकुट त्याच्या मस्तकी चढला.

परतीच्या या प्रसंगाचे वर्णन त्याने स्वतः केलेले आहे. 'व्हीटा कारोली' या नावाने ओळखले जाणारे त्याचे लॅटिन आत्मचरित्र हे मध्ययुगीन राजलेखनात दुर्मिळ असे पुस्तक होय. त्याचे आरंभीचे चौदा अध्याय प्रथमपुरुषी आहेत. उरलेले, १३४६ च्या निवडणुकीपर्यंतचा वृत्तान्त सांगणारे, तृतीयपुरुषी असून त्यांत दुसऱ्या कोणाचा तरी हात दिसतो. ग्रंथ संबोधिलेला आहे तो आपल्या मागून आपल्या दोन सिंहासनांवर बसणाऱ्या वारसांना. 'दोन सिंहासने' या शब्दप्रयोगाला ऐहिक आणि पारलौकिक जीवनाचा संदर्भ आहे. पण राज्य आणि साम्राज्य या दोन आसनांची जाणीवही त्यामागे असल्याखेरीज राहत नाही. लोकांसाठी हे पुस्तक लिहिलेले नाही, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवलेली बरी.

आठव्या अध्यायात ते वाक्य येते, जे चेक शाळांतील मुलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपण चेक भाषा पार विसरून गेलो होतो, पण पुढे ती पुन्हा शिकलो आणि दुसऱ्या कोणाही बोहेमी माणसाप्रमाणे ती बोलू व समजू लागलो, असे कारेल तेथे सांगतो. एकोणिसाव्या शतकापासून या वाक्याचे वाचन जवळजवळ एकाच रीतीने होत आले आहे : परक्या दरबारात वाढलेला पुत्र मायबोलीकडे परततो, विसर हा शाप आणि पुन्हा शिकणे हे प्रायश्चित्त. वाचकाचे डोळे पाणावतील असाच हा प्रसंग आहे. परंतु वाक्य तेथे संपत नाही. पुढे लागलीच कारेल म्हणतो की ईश्वरकृपेने आपणास चेक, फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि लॅटिन या पाचही भाषा बोलता, लिहिता व वाचता येतात, आणि त्यांपैकी कोणतीही दुसरीपेक्षा कमी नाही. पहिल्या अर्ध्यात घरी परतलेला पुत्र आहे. दुसऱ्या अर्ध्यात पाच भाषांचा धनी असलेला राज्यकर्ता. १३५६ च्या 'सुवर्णमुद्रापत्रा'च्या अखेरच्या प्रकरणात निर्वाचक राजांच्या मुलांनी सातव्या वर्षापासून इटालियन आणि स्लाव्ह भाषा शिकाव्यात असे जे कलम आहे, ते या दुसऱ्या अर्ध्याचेच कायद्यात झालेले रूपांतर होय. भाषा हे येथे राज्यकारभाराचे साधन आहे. तिच्यात हृदयाचा प्रश्न नाही.

पण केवळ उत्तरार्ध पाहूनही चालणार नाही. वाक्याच्या अवतीभवती काय आहे ते पाहावे. त्याच्या आधी : आपणास पिता, माता, बंधू, भगिनी वा ओळखीचे कोणीच भेटले नाही. त्याच्या नंतर : एकही किल्ला गहाण पडल्यावाचून उरलेला नव्हता, प्रागचा गड मोडकळीस आलेला, राजपुत्राला एखाद्या नागरिकाप्रमाणे शहरातील घरात मुक्काम करावा लागला. आणि मग सर्वांत महत्त्वाचा मजकूर येतो, ज्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतो. बोहेमियातील सज्जनांनी आपणास गहाण किल्ले सोडविण्यास साहाय्य केले. का, तर आपण बोहेमियाच्या प्राचीन राजांच्या वंशातले आहोत हे त्यांनी पाहिले म्हणून. भाषा पुन्हा शिकल्याचे श्रेय तो घेतो, परंतु लोकांच्या प्रेमाचे कारण म्हणून तो भाषा सांगत नाही, आईचे कुळ सांगतो. विसरलेली भाषा, मेलेली आई, पडका वाडा, गहाण पडलेले किल्ले : या चारी गोष्टी एकाच पंक्तीत बसतात. सर्व गमावलेल्या वतनाच्या वस्तू आहेत, आणि एकेक करून त्या सोडवून घ्यावयाच्या आहेत. भाषा ही त्यांतली एक. या अध्यायाचे नाते गीतकाव्याशी जोडण्यापेक्षा वतनाच्या कागदपत्रांशी जोडणे अधिक न्याय्य ठरेल. आणि तरीही त्यातील दुःख खोटे ठरत नाही.

याच्या अगदी आधीच्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे, तो कारेलच्या लेखनशक्तीचा पुरावा म्हणून सांगण्याजोगा आहे. क्रिव्होक्लाटहून थकून आलेला राजपुत्र प्रागच्या गडावरील जुन्या घरात रात्र काढतो. दारे लावलेली, अग्नी पेटलेला, मेणबत्त्या जळत असलेल्या. कोणीतरी खोलीत चालल्याचा आवाज येतो. सोबती बुशेक उठतो, पाहतो, कोणी दिसत नाही. मग पेला कोणी अदृश्य हाताने भिंतीवर फेकतो आणि तो उसळून खोलीच्या मध्यभागी पडतो. कारेल क्रूसाची खूण करून झोपी जातो, सकाळी पेला तेथेच पडलेला असतो. स्पष्टीकरण काही नाही. भाष्यकारांनी यातून नाना अर्थ काढले आहेत. प्रस्तुत लेखकाला त्यात पडक्या घराचे भय आणि ते मान्य करण्याचा प्रामाणिकपणा एवढेच दिसते. ज्या राजाला असे लिहिता येते त्याची भाषेविषयीची कबुली निव्वळ राजकीय डावपेच म्हणून उडवून लावता येत नाही.

तेव्हा प्रश्न असा राहतो. कारेलच्या मनातील बोहेमिया हे वतन होते, भाषिक राष्ट्र नव्हते, असे एकदा ठरविले म्हणजे पुढील सारा इतिहास हा एका गैरसमजाचा इतिहास ठरतो काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. बोहेमियातच जन्मलेले जर्मन इतिहासकार फेर्डिनांड झाइब्ट यांनी १९७८ साली, सम्राटाच्या सहाशेव्या पुण्यतिथीच्या वर्षी, प्रसिद्ध केलेल्या चरित्राच्या नावातच त्याला युरोपातील सम्राट म्हटले आहे. २०१६ साली जन्माच्या सातशेव्या वर्षानिमित्त प्राग आणि न्यूरेंबर्ग येथे मिळून भरलेले बव्हेरिया व चेक प्रजासत्ताक यांचे संयुक्त प्रदर्शन याच दृष्टीचे फळ होय. दोन शेजाऱ्यांमधील कटुता पाहता या दृष्टीचे मोल मोठे आहे. तथापि पुराव्याच्या कसोटीला ती पुरती उतरत नाही.

भाषिक राष्ट्राची कल्पना कारेलच्या आधीच बोहेमियात होती. चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुरा झालेला 'दालिमिल' या नावाने प्रसिद्ध असलेला चेक पद्यमय वृत्तान्त तिने ओतप्रोत भरलेला असून जर्मनांविषयीचा त्याचा द्वेष आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो. त्या काळच्या चेकमध्ये 'याझिक' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होते, जीभ म्हणजे भाषा आणि ती बोलणारे लोक. कारेलला हे वातावरण अपरिचित असणे शक्य नाही, आणि त्याने त्याचा उपयोगही केला. १३४७ साली त्याने प्रागमध्ये स्लाव्ह भाषेतून उपासना करणाऱ्या भिक्षूंसाठी मठ स्थापन केला. सर्बियाचा शासक स्तेफान दुशान याला १३५५ साली धाडलेल्या पत्रात दोघांच्या समान स्लाव्ह भाषेचा त्याने आवर्जून उल्लेख केला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संत व्हात्स्लाव्हची. बालपणी काढून घेतलेले ते नाव त्याने स्वतःला परत लावले नाही, पण त्या संताची एक कथा स्वतः लिहिली, आणि नवा राजमुकुट घडवून तो संताच्या नावे केला. १३४६ च्या पोपच्या आज्ञापत्राने त्या मुकुटाला संरक्षण मिळाले. मुकुट संताच्या मस्तकावर राहावयाचा. राजाने तो अभिषेकापुरता उसना घ्यावयाचा. राजे येतील आणि जातील, वतनाचा खरा धनी एक मृत संत. राज्यसंस्थेला राजाच्या देहापासून वेगळे करणारी याहून स्पष्ट कल्पना त्या युगात शोधून सापडणे कठीण. पुढे ज्या लोकांचे राज्यच नाहीसे झाले त्यांना या कल्पनेचा आधार वाटावा यात नवल ते काय? राजा नसला तरी मुकुट होता. लोकांनी व्हात्स्लाव्हच्या जागी स्वतःला बसविले, एवढेच.

म्हणजे कारेलने भाषिक राष्ट्र स्थापिले नाही. परंतु कुळ, संत आणि भाषा या तीन गोष्टी त्याने अशा एकत्र गुंफून ठेवल्या की पुढे कुळाचा आणि राजसत्तेचा धागा तुटल्यावर उरलेले दोन धागे आपोआप एकमेकांना बांधले गेले.

या गुंफणीची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती विद्यापीठात, आणि विद्यापीठीय वाचकांना हा भाग विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. ७ एप्रिल १३४८ च्या स्थापनापत्रात कारेल सांगतो की ज्ञानाची भूक असलेल्या आपल्या राज्यातील रहिवाशांना परमुलखात भिक्षा मागावी लागू नये, घरीच पान वाढलेले असावे. याच दिवशी मोराव्हिया, सायलेशिया आदी प्रदेशांना बोहेमियाच्या मुकुटाशी जोडणारी पत्रेही काढण्यात आली. विद्यापीठ आणि वतन ही एकाच दिवसाची कामे. विद्यापीठातील अध्यापक व विद्यार्थी चार 'राष्ट्रां'त विभागलेले होते : बोहेमी, बव्हेरियन, पोलिश आणि सॅक्सन. ही विभागणी दिशांची आणि प्रदेशांची होती. बोहेमी 'राष्ट्रा'त बोहेमियाचे जर्मनभाषी रहिवासीही मोडत. पण १४०९ च्या कुत्ना होरा येथील राजाज्ञेने कारेलचाच पुत्र व्हात्स्लाव्ह याने बोहेमी 'राष्ट्रा'ला तीन मते आणि बाकीच्या तिघांना मिळून एक मत दिले, तेव्हा शब्दाचा अर्थ बदलू लागला होता. जर्मन अध्यापक व विद्यार्थी मोठ्या संख्येने निघून गेले, त्याच वर्षी लाइपझिगचे विद्यापीठ उभे राहिले. संस्थापकाच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम एकतीस वर्षे झाली होती.

१८४८ मध्ये विद्यापीठाला पाचशे वर्षे पुरी होत होती. त्या निमित्ताने कारेलचा पुतळा करविला तो ड्रेस्डेनच्या एर्न्स्ट हेनेलकडून, आणि ओतविला न्यूरेंबर्गमध्ये. क्रांतीच्या धामधुमीने समारंभ झाला नाही. पुतळा १८५१ मध्ये गाजावाजाशिवाय पुलाच्या तोंडाशी उघडा करण्यात आला. त्या वेळी तो अजून दोघांचा होता. १८८२ मध्ये विद्यापीठाचे चेक आणि जर्मन असे दोन भाग झाले. १९२० च्या कायद्याने कारेलचे नाव आणि वारसा एकट्या चेक विद्यापीठाचा ठरला, जुनी मानचिन्हे मात्र जर्मन विद्यापीठाकडे राहिली. ती १९३४ च्या नोव्हेंबरात परत घेतली गेली तेव्हा प्रागच्या रस्त्यांवर दंगली झाल्या. राजदंड आणि मुद्रा यांसाठी विद्यार्थ्यांनी एकमेकांची डोकी फोडावीत हे आज हास्यास्पद वाटेल. पण मागचा प्रश्न हास्यास्पद नव्हता. स्थापनापत्रातील 'रहिवासी' म्हणजे कोण, हाच तो प्रश्न. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नात्सी सत्तेने चेक उच्च शिक्षणसंस्था बंद करून नऊ जणांना ठार मारले, आणि जर्मन विद्यापीठाला कारेलचे नाव लावून ते राइखचे म्हणून मिरविले. एका वारसाने दुसऱ्याचा गळा दाबला. ऑक्टोबर १९४५ च्या आदेशाने जर्मन विद्यापीठ त्या दिवसापासूनच, म्हणजे १७ नोव्हेंबर १९३९ पासून, रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. युद्धाच्या अखेरीस बाहेर नेलेली मानचिन्हे पुन्हा सापडलेली नाहीत. चेकोस्लोव्हाकियातील सुमारे तीस लाख जर्मनांना देश सोडावा लागला. आता वारस एकच उरला, आणि भांडणाची वस्तूच नाहीशी झाली.

साहित्याकडे वळले म्हणजे श्वास मोकळा होतो. पालात्स्की आणि त्यांच्यानंतर मासारिक यांनी चेक इतिहासाचे सार हुस आणि धर्मसुधारकांच्या युगात पाहिले. त्यांच्या मांडणीत कारेल हा मोठा पण उपोद्घातातला. योसेफ पेकार्श यांनी त्या मांडणीला विरोध केला, तो वाद दीर्घ आहे आणि येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. लोकमनात कारेलला जागा मिळवून दिली ती कवी व नाटककारांनी. यारोस्लाव्ह व्हर्ख्लित्स्की यांच्या १८८४ च्या 'कार्लश्टेइनवरील रात्र' या सुखात्मिकेत स्त्रियांना मज्जाव असलेल्या किल्ल्यावर राणी वेषांतर करून येते. १९७३ च्या संगीतमय चित्रपटाने ही कथा घरोघरी नेली. नाटक गोड आहे, त्याहून अधिक काही नाही.

यान नेरुदा यांच्या १८८३ च्या 'गाथा व रोमान्स' या संग्रहातील कारेलवरील कविता मात्र निराळ्या तोलाची. राजा आणि बुशेक (भुताच्या रात्रीचा तोच सोबती) मद्य पीत बसले आहेत. बर्गंडीहून आणून बोहेमियात लावलेल्या वेलींचे हे मद्य. राजाला ते तुरट लागते, आणि त्याला आपल्या प्रजेची, तिच्या हट्टी स्वभावाची आठवण होऊन तो कुरकुरतो. पुन्हा घोट घेतो, पुन्हा घेतो, आणि चव आवडू लागते. मग बुशेक म्हणतो की आपले लोकही असेच आहेत. सवय होऊ द्या, मग ओठांपासून पेला दूर करवणार नाही. वरवर ही विनोदी कविता आहे. परंतु आठव्या अध्यायाशेजारी ठेवून ती वाचली तर असे दिसते की नेरुदांनी तोच विषय घेतला आणि उलटा केला. आत्मचरित्रात राजा भाषा पुन्हा शिकतो व तिचा धनी होतो. कवितेत राजा चव शिकतो, आणि परीक्षा देणारा तोच असतो. लोक बदलत नाहीत. वेल परदेशची आहे, माती येथली, तुरटपणा मातीचा. पित्याच्या उपाधीला दिलेले याहून सौम्य आणि याहून खोचक उत्तर चेक साहित्यात असेल असे वाटत नाही. झ्डेन्येक कालिस्ता यांनी पन्नाशीच्या दशकातील तुरुंगवासानंतर लिहिलेल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कारेलच्या आध्यात्मिक चरित्रात जी गंभीर व्यक्ती उभी राहते, तिला या कवितेतील राजा ओळखू येणार नाही कदाचित. पण बुशेकचे नाव ऐकून ती वळून पाहील.

२००५ मध्ये चेक दूरचित्रवाणीने 'सर्वश्रेष्ठ चेक' निवडण्यासाठी प्रेक्षकांची मते घेतली. कारेल पहिला आला, मासारिक दुसरे, हावेल तिसरे. निवड प्रेमाची होती, आणि प्रेमाने काही गोष्टी गाळल्या. १३४९ च्या नोव्हेंबरात कारेलने न्यूरेंबर्गच्या नगरसभेला ज्यूंची घरे पाडून तेथे चौक आणि मेरीचे चर्च बांधण्याची परवानगी आधीच लिहून दिली. ५ डिसेंबरला कत्तल झाली, आणि स्मरणवहीत ५६२ मृतांची नोंद आहे. त्या चर्चवरील १५०९ च्या घड्याळात आजही दुपारी बारा वाजता सात निर्वाचक सम्राटाभोवती फेरी घालतात व प्रवासी ती पाहावयास जमतात. ही कृती चेकही नव्हे आणि जर्मनही नव्हे, म्हणून दोन्ही बाजूंच्या राष्ट्रीय चरित्रकारांना ती दीर्घकाळ आपली वाटली नाही. ज्या राजाने ज्यूंना आपल्या खजिन्याची मालमत्ता मानले त्याने ती मालमत्ता विकली, इतकाच तिचा हिशेब आहे. वतनाच्या कल्पनेची ही दुसरी बाजू : जे वतनात मोडते ते सोडवूनही घेता येते आणि देऊनही टाकता येते. आठव्या अध्यायाचे कौतुक करणाऱ्या समीक्षकाने, प्रस्तुत लेखकाने धरून, हे विसरता कामा नये.

चेक प्रजासत्ताकाच्या शंभर कोरुनांच्या नोटेवर एका बाजूस कारेलचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूस त्याच्या विद्यापीठाची मुद्रा. मुद्रेत सम्राट गुडघे टेकून स्थापनापत्र संत व्हात्स्लाव्हच्या हाती देत आहे. भोवतीच्या लॅटिन लेखात प्राग येथील विद्यापीठाच्या विद्यार्थिसमुदायाची ही मुद्रा, असे म्हटले आहे. त्यात शहराचे नाव आहे. कोणत्याही लोकांचे किंवा भाषेचे नाव नाही.